आ-माचा ‘डी’ आणि माझी वाकडी पैज

"आ-मानं एकटीनं कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम टाकली आणि एकही फाइल गेली नाही, तर तिचा फुलाफुलांचा एप्रन घालून मी देवळासमोर तिच्यापुढे तीनदा वाकेन!" मी भर गल्लीत जाहीर केलं.

"आणि गेली तर?" शु-निंगनं विचारलं.

"तर एप्रन तुझ्या अंगावर."

ताइनान शहरातल्या या गल्लीत मी तीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. शु-निंग समोरच्या घरातली. फुकट मिळणाऱ्या एका सिस्टिमसाठी काम करते. इन्स्टॉल करताना डिस्कचा कुठला भाग वापरायचा ते विचारतात ना, तो स्क्रीन तिनं नव्यानं केलेला. त्यासाठी भाजीबाजारातली चाळीस माणसं एकेक करून बसवली. स्वतः मागे गप्प उभी, कुणाचं बोट कुठे अडतंय ते टिपत.

तरी मला जिंकायची खात्री होती. इथे आम्ही दुकानवाले एकाच डिस्कचे दोन भाग पाडतो, सी आणि डी. गिऱ्हाइकाला वाटतं, डी म्हणजे वेगळी पेटी, डिस्क पुसली तरी राहणारी. आ-माची डिस्कही मीच कापलेली.

आ-मा म्हणजे गल्लीची आजी, शिंपल्यांचं ऑम्लेट विकते. नवरा बाहुल्यांचे खेळ करायचा, वीस पात्रांचे आवाज एकटा काढायचा. तो गेला, आवाज तेवढे तिच्या कॉम्प्युटरात राहिले.

शु-निंग वायरी जोडत होती तेव्हा मी आ-माला हळूच विचारलं, "आवाजांची कॉपी घेतलीस?"

"घेतली ना! सगळं डीमध्ये टाकलंय. मला काय येडी समजतोस?"

मी मनात टाळ्या पिटल्या. शेवटच्या बटणाआधी ओरडायचं मात्र ठरवलं होतं. मी खोडकर आहे, कसाई नाही.

आ-मानं इथल्या रिवाजाप्रमाणे मशीन नीट वागावं म्हणून वर कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं, हात जोडले आणि बसली. बाकीच्यांनी मदत करायची नाही, बोलायचं नाही. गल्ली खिडकीला चिकटली.

स्क्रीन आला. मी आयुष्यभर पाहिलेली ती अक्षरं-आकड्यांची भुताटकी गायब! एक लांब पट्टी, वर लिहिलेलं: ‘ही एकच डिस्क आहे.’ डावा तुकडा जुनी सिस्टिम, उजवा डी.

आ-माचं बोट थेट ‘सगळी डिस्क पुसा’वर. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दोन्ही तुकडे लालभडक झाले. ती मोठ्यानं वाचायला लागली, "हे कायमचं जाईल. जुनी सिस्टिम. डीमधल्या एक हजार दोनशे बारा फाइली. त्यांपैकी ‘म्हातारा सेनापती, रागावलेला’. ‘विदूषक, हसताना’..."

बोट हवेतच थांबलं. मग मान माझ्याकडे वळली.

"काय रे आ-बिन, डी वेगळी पेटी नाही?"

"तसं... मी कधी म्हटलं नव्हतं."

"नाही असंही कधी म्हटलं नाहीस, चोरा!"

तिनं मागे जाऊन दुसरं निवडलं: ‘जुनी सिस्टिम काढा, डी राहू द्या.’ डावा तुकडा तेवढा लाल, डी हिरवा. शेवटी स्क्रीननं एकदा पुन्हा विचारलं, काय जाणार, काय राहणार. तिनं दोन्ही वाचलं आणि बटण दाबलं.

अर्ध्या तासानं मशीन नव्यानं सुरू झालं. आ-मानं डी उघडला. विदूषक हसला, गडगडाटी. आ-मा डोळे पुसायला काहीतरी शोधत होती. मीच रुमाल दिला.

खरं सांगतो, तीस वर्षं माझ्या काउंटरवर लोक रडलेत, आणि मी त्यांनाच मूर्ख ठरवत आलो. या पोरीनं कुणाला काही शिकवलं नाही. जे जाणार त्याचं नाव घेऊन सांगितलं, बस्स. इतकं साधं मला का सुचलं नाही?

"काका, एप्रन," शु-निंग म्हणाली.

सकाळी देवळासमोर बाजार भरलेला. एप्रनच्या नाड्या माझ्या पोटाभोवती पुरेनात, मासेवालीनं दोरी जोडली. एकदा वाकलो. दोनदा वाकलो. लोक फोन काढून उभे.

"अजून खाली," आ-मा उलथनं हलवत म्हणाली. "आणि आता पोरीकडे तोंड कर. तिसरं तिचं."