सुटलेलं घुंगरू

कीबोर्डच्या कडेला पडलेलं ते पितळी घुंगरू – वडिलांच्या, नान्नांच्या पायांतल्या पट्ट्यावरून सुटलेलं, दोऱ्याची कुजकी गाठ अजून कडीत अडकलेली – सत्यवेणीच्या कोपराचा धक्का लागला की एवढंसं बोलायचं आणि गप्प व्हायचं. नवमीच्या आत शिवून दे, म्हणाले होते. रामनवमी मार्चअखेरची. आणि काल डॉक्टर तिला आत बोलावून म्हणाले, तीन महिने धरून चला... नान्ना तेव्हा बाहेर बाकावर कुणा अनोळखी रुग्णाला सीताकल्याणातलं पद म्हणून दाखवत होते.

ती संगणकाच्या काळ्या पडद्याकडे वळली. ऑफिसात रोज हेच – एका ओळीची कमांड लिहायची, आजपासून अमुक दिवस, की कुठल्या सर्व्हरची मुदत केव्हा संपते ते यंत्र सांगायचं. आज तीस नोव्हेंबर. तिनं लिहिलं, अधिक तीन महिने. दोन मार्च, सोमवार. वार कुणी विचारला होता त्याला? फेब्रुवारीला तीस तारीखच नसते, म्हणून ते पुढे सरकलेलं. मग नव्वद दिवस – अठ्ठावीस फेब्रुवारी. बारा आठवडे – बावीस. डॉक्टरांच्या मनात यांतलं कुठलं होतं? तिनं दोन मार्च धरली, भाजीवालीकडून चार मिरच्या वर मागून घ्याव्यात तशी. तरी नवमी पलीकडेच. चार महिने लिहिले. यंत्रानं तेही निमूट दिले. शंभर वर्षं मागितली असती तरी दिली असती – नाही म्हणायचं त्याला ठाऊकच नाही...

"काय तल्ली, पापारावला कळवलंस का? देवळातले खोळंबलेत." नान्ना दारात. आईच म्हणायचे ते तिला – तल्ली.

"तारीख बघते, नान्ना."

"हरिदासाची लेक, आणि नवमी त्या डब्याला विचारते! पंचांग काय चणेवाल्याला विकलंस?"

"त्याला तिथी नाही कळत."

"मग कसला शहाणा तो." ते हसले, हसताना हात बरगडीकडे गेला, तो त्यांनी उपरणं सारखं करायच्या निमित्तानं तिथेच ठेवला. "कळव, हे दासुगारू कीर्तनाला उभे राहणार. आणि पानकात गूळ घाला म्हणावं, मागल्या साली नुसतं पाणी पाजलंत."

ते गेले. पलीकडे चिपळ्या सुरू झाल्या. लहानपणी मंडपात ती त्यांच्या पायांशी बसायची; राम वनाला निघाला की बायका डोळे पुसू लागायच्या, आणि तिला मात्र दर वर्षी वाटायचं, यंदा तरी दशरथ त्याला थांबवेल. नान्नांना तर पुढचं सगळं पाठ – तरी ते असे म्हणायचे, जणू आत्ता, पहिल्यांदाच घडतंय...

तिनं उलटं लिहिलं. दोन मार्च, उणे तीन महिने. आजवर परत यायला हवं होतं. यंत्र म्हणालं, दोन डिसेंबर. पुन्हा लिहिलं. दोन डिसेंबर. गेलं आणि परत आलं, तर आजचा दिवसच हिशेबात नाही – म्हणजे हा, मी बसलेय तो, ज्यात ते भिंतीपलीकडे गाताहेत...

पापारावांना लिहायला घेतलेला निरोप अर्धाच राहिला – नवमीला नान्ना... तिनं घुंगरू मुठीत घेतलं. सुई कुठे ठेवली ते आठवेना. मग चिपळ्या थांबल्या, आणि ती श्वास धरून बसली, मंडपात दशरथ झालेल्या नान्नांच्या तोंडाकडे बघत बसायची तशी – आता पुन्हा वाजतील, आता, यंदा तरी...