बाकं सरकवा, हृदय मांडायचंय!

दत्तोपंत सरांच्या विज्ञानाच्या तासाला सातवीचा वर्ग कसा, तर चिडीचूप! सरांना त्याचा केवढा अभिमान! आता त्या गप्प बसलेल्या पोरांना काही कळलंय की नाही, हे कोण बघतो? तुम्ही-आम्ही तरी कधी बघितलं?

उज्माला 'हृदय' या धड्यावर वीसपैकी दोन मार्क पडले आणि सरांनी तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं. गुलाम हुसेन कापड विणायच्या लूमवरची शिफ्ट संपवून तसेच आले, केसांत कापूस घेऊन.

"सर, तिला जमत नसंल तर राहू द्या. सातवी झाली की घरीच बसंल, अम्मीसंगती सुताच्या कांड्या भरंल."

उज्माचे डोळे टचकन भरून आले. तिला शाळा सोडायची नव्हती हो!

"अहो, थांबा की जरा!" मराठीच्या आसावरी बाई मध्ये पडल्या. "सर, धडा तुमचा, प्रश्नही तुमचेच. मला एक तास द्या. पोरं हृदयाचं नाटक करतील."

"नाटक? गॅदरिंगला अजून तीन महिने आहेत, बाई!"

"गॅदरिंगला आपण नुसतं पाठ करून घेतो, सर. इथे पोरं स्वतः रक्त होतील, फुप्फुस होतील. जे हातापायांनी केलं, ते मूल विसरत नाही."

"ह्ये खरं हाय," गुलाम हुसेन चटकन म्हणाले. "लूम मी काय वहीत बघून शिकलो न्हाय."

"करा काय तो धिंगाणा!" सर वैतागून म्हणाले.

लगेच वर्गातली बाकं भिंतीला लागली. चार पोरं हृदयाचे चार कप्पे झाली. कुणाल आणि सुकन्या झाले फुप्फुसं, आणि श्वास घेता घेता त्यांना हसूच आवरेना. उज्मा झाली रक्त. गळ्यात निळी ओढणी, कमरेला लाल खोचलेली. शरीराकडून ती उजव्या कप्प्यांत शिरली, तिथून फुप्फुसांपाशी आली आणि अडली.

"आता गं?" सरांनी विचारलं.

उज्माने दाराशी उभ्या अब्बांकडे पाहिलं आणि ती एकदम ओरडली, "सर, कांडी संपली! लूमवर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं की कांडी बदलतात ना, तसं! प्राणवायू संपलाय, इथे नवा भरायचा!"

निळी ओढणी टाकून तिने लाल घातली आणि डाव्या कप्प्यांतून धूम ठोकली. वर्गाने टाळ्यांनी ठेका धरला, खटाखट खटाखट! सरांनी परीक्षेतले सगळे प्रश्न पुन्हा विचारले. उज्माने पळता पळता एकूण एक उत्तर दिलं! वर दम खात म्हणते कशी, "सर, धागा तुटला की लूम बंद पडते. मग रक्ताची वाटच अडली तर?"

सर खुर्चीतून उठले. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना एकाही मुलाने विचारला नव्हता.

"शाब्बास, पोरी! अगं, हृदयालाच रक्त नेणारी वाट अडली, की त्याला हार्ट अटॅक म्हणतात!" ते दाराकडे वळले. "गुलामभाई, दोन मार्क हिचे नव्हेत, माझ्या शिकवण्याचे होते. हिला शाळेतून काढू नका."

"आता कुठली काढतो, सर! दहावी काय, पुढेही शिकंल!" गुलाम हुसेन डोळे पुसत हसले.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच बाकं सरकवली. "आज पचनसंस्था! जठर मी होणार!" वर्गात हसण्याचा नुसता कल्लोळ झाला.

मंडळी, नाटक म्हणजे अभ्यासातली सुट्टी नव्हे, तोही अभ्यासच आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत बाकं शेवटची कधी हलली होती, एकदा जाऊन विचारा. हलली नसतील, तर बाकाची एक बाजू तुम्ही धरा!