दोन शंखांच्या मागे

मित्रांनो, तुम्ही माझा आवाज ऐकला नसेल, तर त्यात तुमच्या कानांचा काही दोष नाही. आवाजच तेवढा आहे. मी एका पांढऱ्या, छोट्या कारचा जुना हॉर्न आहे. तळहाताएवढा, चपटा, काळा. गाडीच्या तोंडाला जाळी असते ना, तिच्या आत मला एका लोखंडी पट्टीवर बसवलेलं आहे. म्हणजे घरातली सगळी माणसं माझ्या मागे आणि समोरून येणारं सगळं जग माझ्या अंगावर. अशा जागी बसणाऱ्याचा स्वभाव भित्रा होणारच.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे, त्यावर पत्र्याचा पातळ पडदा. वीज आली की पडदा थरथरतो आणि मी बोलतो. तपासणीच्या टेबलावर एका बाईनं मला पहिल्यांदा वीज दिली. मी ‘पीं’ म्हणालो. तिनं मान डोलावली आणि मला पास केलं. त्या बंद खोलीत माझा आवाज काय छान घुमला होता! मला वाटलं, सगळं जग असंच असणार, चार भिंतींचं आणि गप्प बसलेलं. मग मी लातूरच्या रस्त्यावर आलो.

गाडी घेतली शिवशंकरनं. तो एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला आहे. दिवसभर पोरांना “आवाज नको” म्हणणारा माणूस, आणि त्याच्या वाट्याला मी आलो. जोडा तसा जमला होता. पण रस्त्यावर लायब्ररी नसते, मित्रांनो. तिथं रिक्षा असतात, मोटारसायकली असतात, बाजारातून परतणाऱ्या म्हशी असतात. मी जीव काढून ‘पीं’ म्हणायचो आणि म्हैस माझ्याकडे बघून रवंथ करायची. पोरं हसायची. एकदा एक पोरगा म्हणाला, “काका, गाडीत चिमणी पाळली का?” शिवशंकरचा चेहरा उतरला. माझा तर उतरलेलाच होता.

घरात पाच माणसं. शिवशंकर, त्याची बायको अयोध्या, त्यांची शिवांगी, आणि शिवशंकरचे आईबाप, रुक्मिणबाई आणि देविदासआबा. शेत कंधारच्या बाजूला, म्हणून अहमदपूर, लोह्याच्या रस्त्यानं सतत जाणं-येणं. त्या रस्त्यावर माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. ट्रक, बस, आणि कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर. मागे दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी भोंग्याएवढा स्पीकर. त्या गाण्यात माझं ‘पीं’ म्हणजे मिरवणुकीत कुणी शिंकावं तसं.

माझ्यावर भरवसा नव्हता, म्हणून शिवशंकरला एक सवय लागली. अंगठा माझ्या बटणावर गेला की पाय ब्रेकवर जायचा. मी ‘पीं’ म्हणायचो आणि गाडी हळू व्हायची. पुढच्यानं ऐकलं तर ठीक, नाही तर आपण थांबलेलो. बरीच वर्षं हे असं चाललं. मला मात्र त्याची लाज वाटायची. ज्याच्या आवाजावर मालकच विसंबत नाही, तो कसला हॉर्न?

मग अर्धापूरचा तो दिवस आला. अयोध्याचं माहेर तिकडचं. केळीच्या बागांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर आमची गाडी उभी होती आणि समोर उभा असलेला, केळीचे घड भरलेला एक टेम्पो मागे, आमच्याकडे सरकू लागला. शिवशंकरनं मला दाबलं. मी ओरडलो. टेम्पो येतच राहिला. मी पुन्हा ओरडलो, पुन्हा, पडदा फाटेल इतका. मागे हटायला जागा नव्हती. टेम्पोची फळी जाळीवर आदळली, माझी पट्टी वाकली, आणि मागे शिवांगीचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. टेंगूळ आलं, एवढंच. पण तिचं रडणं मी ऐकलं. आपल्या आवाजानं जे थांबायला हवं होतं ते न थांबल्यावर आलेलं रडणं काय असतं, ते मी कुणाला सांगू?

टेम्पोवाला उतरून म्हणाला, “भाऊ, हारण तरी वाजवायचं!”

“वाजवून राहिलो की केव्हाचा!” शिवशंकर म्हणाला.

“ते हारण व्हतं? मला वाटलं मोबाईल वाजला कुणाचा तर.”

परतताना अयोध्यानं शिवांगीचं टेंगूळ पदरानं शेकलं. मग म्हणाली, “ऐका. या गाडीला चांगला हॉर्न बसवा. न्हाई तर मी पोरीला घेऊन एसटीनं जाईन. तुमच्या ह्या ‘पीं’च्या भरवशावर लेकरू बसवणार न्हाई.”

ती खोटं बोलत नव्हती. म्हणून जास्त लागलं.

लातूरच्या गॅरेजात रविकांत नावाच्या मिस्त्रीनं दोन नवे हॉर्न काढले. लाल, चकचकीत, शंखासारखे वळलेले. एक जाड आवाजाचा, एक बारीक. दोघं मिळून वाजले तेव्हा शेजारच्या टपरीतला चहावाला दचकून बाहेर आला. माझी बारीक तार त्यांना पेलणारी नव्हती, म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड तार ओढली आणि मध्ये एक रिले बसवली. माझ्या तारेनं फक्त इशारा द्यायचा, ताकद त्या नव्या तारेनं पुरवायची. मी पट्टीवर बसून सगळं बघत होतो आणि आपला स्क्रू कधी फिरतोय याची वाट पाहत होतो. गॅरेजच्या कोपऱ्यात भंगाराचा ढीग होता. त्यात माझ्यासारखे पुष्कळ चपटे, काळे चेहरे पडलेले दिसत होते.

“ह्यो काढून टाकू का?” रविकांतनं माझ्यावर पाना टेकवला.

“काढा की. त्याचं आता काय काम?” शिवशंकर म्हणाला.

तेवढ्यात मागच्या सीटवरून रुक्मिणबाईंचा आवाज आला. “राहू दे रे शंकर. काय खायला मागतंय का ते तुला? इतके दिस ओरडलंय बिचारं.”

“माय, अगं भंगार हाय ते.”

“मग मी बी भंगारच हाय. मला बी ठेव हितं गॅरेजात.”

त्यावर कुणाचं काही चाललं नाही. मित्रांनो, मी वाचलो तो माझ्या कर्तबगारीवर नाही. काहीही टाकून न देणाऱ्या एका म्हातारीच्या हट्टावर वाचलो.

पण खरी गडबड पुढे झाली. रविकांत नव्या हॉर्नची तोंडं खाली करून बसवायला लागला, तर देविदासआबांनी त्याचा हात धरला. “अरे, शंख हाय तो! शंख का कुणी पालथा ठेवतंय? वरी कर तोंड.”

“काका, तोंड वरी केलं तर पाणी जातंय आत.”

“आमच्या देवघरातला शंख जन्मभर उताणाच हाय. त्याला काय झालं? अन् पालथा ठेवल्यावर आमोशाला कुकू कुठं लावू, त्याच्या पाठीला?”

रविकांतनं शिवशंकरकडे बघितलं. शिवशंकरनं “करा, म्हातारा माणूस आहे,” अशी मान हलवली. रविकांतही खांदे उडवून मोकळा झाला. दोन्ही शंख जाळीच्या पुढे, आकाशाकडे तोंड करून बसले आणि मी त्यांच्या मागे, सावलीत.

बटण दाबलं की आम्ही तिघंही बोलायचो. माझं कुणालाच ऐकू यायचं नाही, मलासुद्धा. पण रस्ता कसा फाकायला लागला! रिक्षा बाजूला, मोटारसायकली बाजूला, म्हशीसुद्धा शेपूट वर करून बाजूला. शिवशंकर खूश. “आता कसं!” म्हणायचा. लायब्ररीत गप्प बसून साठलेलं सगळं तो रस्त्यावर वाजवत होता. सुरुवातीला मलाही बरं वाटलं. म्हटलं, पोर आता सुखरूप आहे, आपण निवांत गंजू.

पण हळूहळू माझ्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली आणि माझी झोपच उडाली. शिवशंकरचा पाय ब्रेकवर जाईनासा झाला होता. पूर्वी अंगठा आणि पाय जोडीनं जायचे. आता अंगठा बटणावर आणि पाय आहे तिथंच, अ‍ॅक्सिलरेटरवर. समोरचा हटेलच, हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. लोह्याच्या बाजारात डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई शंखांच्या आवाजानं बिचकून कडेच्या नालीत उतरली. गाडी तिच्या पदराला वारा देत निघून गेली.

अयोध्या म्हणाली, “आधी मला लोकांचं भ्या वाटायचं. आता तुमचं वाटून राहिलंय.”

“तूच म्हणालीस ना हॉर्न बसवा?”

“हॉर्न बसवा म्हणले. डोळे काढून ठेवा म्हणले का?”

मी जाळीमागून ऐकत होतो. मला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. पण माझा जन्म एका अक्षराचा.

मार्गशीर्षातली अमावस्या आली. आमच्याकडची येळवस. त्या दिवशी लातूर ओस पडतं आणि शिवारं माणसांनी भरतात. कडब्याच्या खोपीत पूजा, मग भज्जी म्हणजे मिसळीची भाजी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील, आणि शेजारच्या शेतातला माणूससुद्धा हाताला धरून जेवायला आणायचा. पहाटेपासून घर भज्जीच्या वासानं भरलं होतं. देविदासआबांनी गाडी धुतली. मग तांब्या घेऊन ते जाळीपुढे आले. देवघरातल्या शंखात पाणी भरतात, तसं त्यांनी दोन्ही लाल शंखांत काठोकाठ पाणी भरलं. हळद-कुंकू वाहिलं. एकेक झेंडूचं फूल तोंडात खोवलं. हात जोडून म्हणाले, “माझी लेकरं सांभाळा बाबांनो.”

 पाण्याचे दोन थेंब माझ्याही पट्टीवर ओघळले. आबांच्या मनात भक्तीशिवाय काही नव्हतं, आणि म्हणूनच भीती वाटत होती. ज्यांना त्यांनी लेकरं सांभाळायला सांगितलं, त्यांचाच गळा त्यांनी भरून ठेवला होता.

गाडीत बसताना रुक्मिणबाईंनी आंबिलीचं मडकं मांडीवर घेतलं. शिवांगी पुढे अयोध्याच्या मांडीवर जाऊन बसली. पोरीला रस्ता बघायचा होता. लातुरात गल्ल्या मोकळ्या, हॉर्न लागलाच नाही. अहमदपूर मागे पडलं. मग पुढे उसाचा ट्रॅक्टर दिसला. दोन ट्रॉल्या, स्पीकरवर ढणढण गाणं. शिवशंकरनं गाडी उजवीकडे काढली, वेग वाढवला. आम्ही मागच्या ट्रॉलीच्या बरोबरीला येणार, एवढ्यात ट्रॅक्टर उजवीकडे वळायला लागला. शेताची वाट होती तिकडे. ना हात, ना दिवा. उसाचा तो डोंगर आमच्यावर तिरका येऊ लागला.

शिवशंकरनं बटण दाबलं.

शंखांतून आवाज आला नाही. गुळगुळ आली. चूळ भरावी तशी. झेंडूची फुलं हलली आणि कुंकवाचं लाल पाणी उडालं.

आणि मग, इतक्या दिवसांनी, मी मला ऐकलं.

‘पीं.’

ट्रॅक्टरवाल्यानं ऐकलं नाही. तो कसला ऐकतोय? पण मित्रांनो, शिवशंकरच्या पायानं ऐकलं. तो पाय विचारायला थांबला नाही. ‘पीं’ म्हटलं की ब्रेक, ही त्याची जुनी शिकवण. पाय सगळ्या ताकदीनं ब्रेकवर गेला. टायर किंचाळले. गाडी फरफटत गेली आणि ट्रॉलीचं मोठं चाक माझ्या डोळ्यांसमोरून, हातभर अंतरावरून, फिरत निघून गेलं. एक ऊस बॉनेटवर खाडकन आपटला आणि खाली पडला. ट्रॅक्टर गाणं वाजवत शेतात गेला. आपण काय केलं हे त्याला आजही माहीत नसेल.

 मी कान देऊन रडण्याची वाट बघत होतो. अर्धापूरसारखं रडणं.

“आई,” शिवांगी म्हणाली, “आबाच्या मिशीला आंबील लागली.”

अयोध्यानं पोरीला छातीशी इतकं आवळलं होतं की तिला मान वळवून हे बघायला बराच प्रयास पडला होता. मागे मडकं फुटलं होतं. आबा आणि रुक्मिणबाई दोघंही आंबिलीत न्हाले होते. आबांनी मिशी पुसली नाही. खाली उतरले, जाळीपुढे आले. शंखांतलं पाणी बघून मटकन रस्त्याच्या कडेला बसले.

“मी भरलं रे शंकर. ह्या हातांनी भरलं.”

शिवशंकर त्यांच्याजवळ बसला. “आबा, पाणी तुम्ही भरलं, पण गाडी तर मी पळवून राहिलो होतो.”

अयोध्या म्हणाली, “हॉर्न तर वाजलाच न्हाई. मग तुमचा पाय कसा काय गेला वेळेवर?”

त्यानं जाळीकडे बोट केलं. “ते जुनं वाजलं ना, ‘पीं’. ते ऐकलं अन्... पाय आपला गेला.”

रुक्मिणबाई पदर पिळत म्हणाल्या, “अन् तू त्याला भंगारात देऊन राहिला होतास.”

मग सगळे हसले. रडल्यासारखे हसले. गाडी बैलाच्या चालीनं शेतात पोचली. आंबील नव्हती, तर शेजारच्या शेतातल्या दानम्मानं आपल्या घरची बिंदगी, म्हणजे कळशीभर आणून दिली.

दुसऱ्या दिवशी रविकांतनं शंख पालथे केले. सगळं पाणी गळालं, ते सुकले, आणि आता खणखणीत वाजतात. माझा त्यांच्यावर राग नाही. मोठ्या रस्त्यावर त्यांची गरज आहे, ते माझ्याच्यानं होणारं काम नाही. आबा आता कुंकू बॉनेटला लावतात. बोटाला उरलेलं, बोट जाळीतून आत घालून माझ्या कपाळाला पुसतात. मी पूर्वीसारखाच शंखांच्या मागे आहे, पूर्वीसारखाच भितो. कडा गंजल्या आहेत, पडदा थकला आहे. पण शिवशंकरनं अंगठा बटणाकडे नेला की मी आधी खाली कान देतो. पाय हलला का? हलतो. मग मी ‘पीं’ म्हणतो. कुणाला ऐकू जात नाही आणि त्याचं मला आता काही वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. माझ्यासारख्याला घाईनं भंगारात टाकू नका. नव्याचं तोंड खाली ठेवा, त्यात पाणी जाऊ देऊ नका. आणि हॉर्न हवा तेवढा मोठा बसवा, पण पाय मात्र बारक्या हॉर्नच्या गाडीतला असू द्या.