नकाशेवालीचा पहिला धडा

नगरपालिकेच्या नकाशा विभागात तिला सगळे नकाशेवाली म्हणत. सत्तावीस वर्षं तिने विमानातून काढलेले फोटो खालून उजेड देणाऱ्या टेबलावर अंथरून त्यांवरून गल्ल्या, गटारं, विहिरी आणि छपरं गिरवली होती. अख्खं शहर वरून पाहिलेलं, पण विमानात कधी पाय ठेवला नव्हता. आधी वडील गेले, मग धाकट्या बहिणीचं लग्न, मग आईने अंथरूण धरलं ते आठ वर्षं. आई गेल्यावर घर इतकं गप्प झालं, की फ्रिजची घरघर थांबली तरी ती दचकायची.

एका गुरुवारी रजा टाकून ती गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर गेली. विमान चालवायला शिकायचं म्हणून. कुठे चाललीस, असं तिला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे कोणाला सांगायचा प्रश्नच आला नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये फॉर्म भरायचा होता. वय, वजन, पत्ता, सगळं तिने आपल्या सुबक अक्षरात लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन अडलं. तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?

"हे रिकामं सोडलं तर चालेल?"

"नाही चालत, ताई," शिकवणारा म्हणाला. चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. त्याला तिथे सगळे कप्तान म्हणत. "नवरा, मुलं, भाऊ. कोणीही लिहा."

तिने धाकटीचं नाव लिहिलं. नंबर पाठ नव्हता, मोबाइलमध्ये शोधावा लागला. शेवटचं बोलणं चार महिन्यांपूर्वीचं, आईच्या कपाटाच्या किल्ल्यांवरून.

विमान बघून तिला हसूच आलं. जुन्या मोटारीला पंख फुटावेत, तसा प्रकार! दोघं आत बसले तर खांद्याला खांदा लागला. इतक्या जवळ कोणी बसल्याला किती दिवस झाले, हे तिला उगाचच आठवलं, आणि ती दाराकडे सरकली.

"घाबरलात?"

"नाही," ती म्हणाली. आणि पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला.

इंजिनाचा आवाज चढला, धावपट्टी मागे पळू लागली, आणि चाकांची खडखड एकदम थांबली. तिने डोळे गच्च मिटले. मग स्वतःवरच चिडली, एवढं करून आले ते डोळे मिटायला का! आणि उघडले.

दोन हजार फुटांवर कप्तानने आपले हात मांडीवर ठेवले. "घ्या. आता तुमच्याकडे."

"माझ्याकडे? अहो, पण..."

"दांडा हलकेच धरा. गळा नाही आवळायचा त्याचा. हां. आता नाक जरा खाली घ्या. तुमचं नाही, विमानाचं."

ती हसली. कानांवरच्या हेडफोनमध्ये स्वतःचंच हसू तिला ऐकू आलं, कोणा दुसरीचं असावं तसं.

नदीच्या वळणावरून तिने पाण्याची टाकी ओळखली, टाकीवरून शाळा, आणि शाळेमागची आपली गच्ची. नखाएवढी. गच्चीवर पांढरं काहीतरी हललं. सकाळी वाळत घातलेली चादर.

"घर दिसलं?" कप्तानने विचारलं. "घरच्यांना सांगून ठेवलं असतं तर गच्चीत उभे राहिले असते. सगळे हात हलवतात."

"घरी कोणी नसतं," ती म्हणाली.

आईची खोली, कोपऱ्यातली औषधांची टोपली, काढून न टाकलेली घंटा, सगळं त्या नखाखाली होतं. आईने ती घंटा वाजवली की आठ वर्षं ती धावत यायची, कधीकधी दातओठ खात. आता पुन्हा एकदा वाजली असती तर बरं, असं तिला वाटलं. डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

कप्तानने पाहिलं असावं. तो एवढंच म्हणाला, "पंख सरळ ठेवा. छान. असंच."

तिने पंख सरळ ठेवले.

उतरल्यावर कानांना दडे बसले होते. शेडपाशी पुढच्या विद्यार्थ्याचं अख्खं कुटुंब आलं होतं, आजीपासून तान्ह्या भाचीपर्यंत. त्यांनी तिच्या हातात मोबाइल दिला. "आमचा सगळ्यांचा एक फोटो काढाल?"

तिने तीन काढले. आजीला नीट चौकटीत घेतलं.

"तुम्ही कोणाला सोडायला आलात?" आजीने विचारलं.

"कोणाला नाही. मी विमान चालवायला आले होते."

"एकट्याच?"

"हो."

आजीने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हटलं, "बाई गं!" त्यात कौतुक किती आणि कीव किती, ते तिला कळलं नाही.

ती शेडमध्ये परत गेली आणि तिने पुढच्या गुरुवारची वेळ लिहून घेतली. मग बस थांब्यावर जाऊन उभी राहिली. बसला अजून चाळीस मिनिटं होती.