न दिलेला विस्तव

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी चिमटा आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला, डोंगरउतारावरच्या बार्टली गिलरेनच्या चुलीपाशी माझं आयुष्य गेलं. गावच्या लोहाराने मला बार्टलीच्या आजीसाठी घडवलं. पाणथळ रानातून कापून वाळवलेल्या, सरपणासारख्या जळणाऱ्या कुजक्या मातीच्या विटा जाळायच्या, निजताना निखारे राखेत पुरायचे, सकाळी उकरून फुलवायचे, हे माझं काम. आमची चूल साठ वर्षांत विझली नव्हती. घरात काडेपेटी कोणी ठेवतच नसे.

१९४७ च्या फेब्रुवारीत पूर्वेचा वारा सुटला आणि बर्फ पडू लागला. तिसऱ्या दिवशी कुंपणं बुडाली. उतारावरून मेंढ्यांचे आवाज येत होते, ते एकेक करून थांबले. बार्टलीची बायको सबीना तापाने अंथरुणात होती.

चौथ्या दिवशी दुपारी शेजारचा म्हातारा फेस्टी बादली घेऊन आला. तो एकटाच राहायचा.

"चूल विझली," तो म्हणाला. "काड्या भिजल्यात. दोन निखारे दे. आणि हसू नकोस, बायको नसलेल्याच्या घरात असंच चालतं."

बार्टली हसला नाही. त्याने खाटेकडे पाहिलं. घरात आजारी माणूस असताना आमच्याकडे विस्तव बाहेर देत नाहीत. विस्तवाबरोबर त्या माणसाचं आयुष्यही जातं, असं मानतात.

फेस्टीनेही तिकडे पाहिलं. "आजारी आहे होय ती? मग मी विचारायलाच नको होतं, पोरा."

"दे रे त्यांना," सबीना म्हणाली. "मला काही होत नाही."

"तू गप पडून राहा. फेस्टीबाबा, तुम्ही इथेच थांबा. चहा घ्या."

"गाय व्यायला आलीय माझी. तिला काय तुझा चहा पाजू?"

तो रिकामी बादली घेऊन गेला. मी बार्टलीच्या हाताशीच होतो.

दुसऱ्या सकाळी बर्फ थांबला. सबीना खिडकीशी उठून बसली. "त्यांच्या धुराड्यातून धूर नाही," एवढंच म्हणाली. तिचा ताप उतरला नव्हता, तरी बार्टलीने भांड्यात निखारे भरले, मला काखेत धरलं आणि बुडालेल्या कुंपणांवरून चालत निघाला.

फेस्टीने खुर्ची मोडून लाकडं चुलीत नीट रचली होती. खाली पेंढा घातला होता. तो समोर बसला होता. बार्टलीने माझ्या टोकांत धरून एक निखारा पेंढ्यावर ठेवला. लाकडं लगेच पेटली. मग तो बराच वेळ फेस्टीचे हात चोळत राहिला. बोटं हलली नाहीत.

अंत्यविधीला आलेला प्रत्येक जण म्हणाला, "तुझी चूक नाही, बार्टली. आम्हीही दिला नसता." सबीना बरी झाली, पुढे एकोणीस वर्षं जगली. 'तुझी चूक नाही' असं ती एकटी मात्र कधी म्हणाली नाही.

ती गेल्यावर बार्टलीने चूल विझू दिली. आता मी भिंतीवर गंजतो आहे. मला घासलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण वादळ आलं, वाट बुजली, की शेजाऱ्याच्या दारी तुम्हीच आधी जा. त्याला मागायला लावू नका.