महिनाभराची सातवी

बाईंनी फळ्यावर अपूर्णांकाची आडवी रेघ ओढली, तोच शिपाई दारात येऊन उभा राहिला.

"पहिलीत एकीला उलटी झालीय."

"मग? सर आहेत ना तिथं."

"आहेत की. म्हणून तर आलो."

वर्ग खुसखुसला. बाईंनी खडू ठेवला.

स्टाफरूममधला वर्गवाटपाचा कागद असा:
तळमजला: बाई, बाई, बाई.
वरचा मजला: सर, सर, सर.

वीस वर्षं असाच. बाई गणित घेऊन पदवीधर. दर वर्षी सातवी मागायच्या, आणि मुख्याध्यापक दर वर्षी तेच म्हणायचे, "लहानांना आईची माया लागते हो." बाईंना मूल नव्हतं.

यंदा नव्या सरांनी आपण होऊन पहिली मागितली. मुख्याध्यापकांना हसताना चहाचा ठसका लागला. पण त्यांनी अदलाबदल लिहिली. पेन्सिलीनं. "महिनाभर. मग बघू." बाकी सगळा कागद शाईचा.

महिना आज भरत होता.

पहिलीच्या दारात मुख्याध्यापक उभे होते, नाकाला रुमाल. आत सर गुडघ्यांवर. घाणीवर माती पसरून झाली होती. मुलगी त्यांच्या मांडीला टेकून चूळ भरत होती. रडणं थांबलं होतं. आधी तोंड, मग हात, मग फ्रॉक; क्रमसुद्धा बरोबर.

"पुरुषाच्या मांडीशी मुलगी," मुख्याध्यापक रुमालातून पुटपुटले. "कुणी पालकानं बघितलं म्हणजे?"

बाईंना शिसारी आली. उलटीची नव्हे, उलट्या त्यांनी वीस वर्षं ओंजळीत झेलल्या होत्या. त्या रुमालाची आली, त्यामागून आलेल्या ओलसर आवाजाची आली. आता बोलायचंच म्हणून त्या वळल्या.

मुलीच्या वेणीला थोडं लागलेलं दिसलं.

"सरका. द्या ते फडकं."

सरांनी वर पाहिलं. "जमतंय मला, बाई."

"वेणीचं राहिलंय. द्या इकडे."

फडकं बाईंच्या हातात होतं. ओढून घेतलेलं. मुलगी दचकली, पुन्हा रडू लागली, आणि तिनं हात केले ते सरांकडे. सर हात मागे घेऊन उभे राहिले.

मुख्याध्यापकांनी रुमालाची घडी घातली.

"बघा," ते म्हणाले. "मी तुम्हाला जा म्हटलं तरी का?"

नव्हतंच म्हटलं.

बाईंनी हातांना तीनदा साबण लावला. वर सातवीच्या फळ्यावर रेघ तशीच असणार, तिच्या वर काही नाही, खाली काही नाही. जिना चढण्याआधी स्टाफरूममधून हाक आली. मुख्याध्यापक कागदासमोर उभे होते, बोटानं पेन्सिलीची ओळ घासत.

"निघत नाही हो. बाई, तुमच्याकडे खोडरबर असेल ना?"

होतं. पर्सच्या छोट्या कप्प्यात, पहिलीच्या मुलांसाठी, वीस वर्षं.

हात तिकडे गेलासुद्धा. हाताला अजून उलटीचा वास येत होता.