डॉक्टरांचं मनगट

नेवेनाचा उजवा गुडघा गेला तो डॉक्टर कारास्तोयानोव यांच्या टेबलाशी उभं राहून. सव्वीस वर्षं. डॅन्यूब नदीकाठच्या त्या इस्पितळात हाडांच्या ऑपरेशनला हत्यारं हातात देणारी सिस्टर म्हणजे नेवेना, हे ठरलेलंच. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत करवत त्यांच्या हातात पडलेली असे. लोकांचे गुडघे बदलता बदलता स्वतःचा कधी झिजला ते बाईला कळलं जिना उतरताना, आणि कळलं तेव्हा त्याची पुरती वाट लागलेली होती.

गुडघा बदलायचा तर तिथे दोन रस्ते होते. एक म्हणजे डॉक्टर कारास्तोयानोव यांचा हात. हाडावर धातूचा साचा ठोकायचा, त्याच्या फटीतून करवत चालवायची आणि पाय सरळ बसला की नाही ते नजरेनं ठरवायचं. दुसरा रस्ता म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेलं मशीन. सगळे त्याला रोबो म्हणत. आता रोबो म्हणजे तो काही एकटा उभा राहून हाडं कापत नाही. करवत डॉक्टरच्याच हातात असते, फक्त आखून दिलेल्या रेषेबाहेर जायला लागली की मशीनचा दांडा तिला जागच्या जागी अडवतो. ते चालवायचे तरुण डॉक्टर वासेव. म्हाताऱ्या डॉक्टरांना त्या मशीनचा भारी तिटकारा. ‘आंधळ्याची काठी’ म्हणायचे ते त्याला, आणि वासेवला ऐकू जाईल असं म्हणायचे.

गावातली माणसं मशीनला बिचकायची. मग भाजीबाजारात, चर्चच्या दारात, कुठेही नेवेनाला गाठून विचारायची, सिस्टर, मशीन बरं की हात? नेवेनाचं उत्तर ठरलेलं होतं. हात तो हात, म्हाताऱ्या डॉक्टरांकडेच जा. आणि माणसं जायची. सव्वीस वर्षं आत उभी राहिलेली बाई सांगतेय म्हटल्यावर कोण दुसरीकडे जाईल?

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपासून डॉक्टरांचा उजवा हात थरथरत होता. फार नाही, पेला हिंदकळेल इतकाही नाही. पण हाडावर करवत टेकली की तेवढंही पुष्कळ होतं. नेवेनाला ते पहिल्याच दिवशी दिसलं, दिसायचंच, ती दुसरीकडे बघत कधी होती? त्या दिवसापासून साचा दाबून धरायच्या निमित्तानं ती आपला डावा पंजा डॉक्टरांच्या मनगटावर ठेवायला लागली. घट्ट. करवत सरळ जायची, पाय सरळ बसायचा आणि डॉक्टर हातमोजे काढून फेकत म्हणायचे, बघा, याला म्हणतात हात. बाकीच्या पोरी माना डोलवायच्या. नेवेना हत्यारं मोजून ठेवायची.

तिनं तोंड उघडलं नाही, कारण नवरा गेला तेव्हा त्याच डॉक्टरांनी तिला कामावर घेतलं होतं. तिच्या आईचा खुबा त्यांनीच बसवला आणि म्हातारी नव्वदीपर्यंत मिरच्यांच्या वाफ्यात फिरली. असल्या माणसाला कुणी जाऊन सांगायचं की तुमचा हात गेला म्हणून? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं स्वतःला समजावलं. मूठ दुसऱ्याची आणि गुडघे तिसऱ्यांचे, समजावायला काय जातंय.

मधे एकच दिवस ती नव्हती. भाचीचं लग्न होतं, तिकडे राजधानीत, सोफियाला. नेमका त्या दिवशी दोब्रिन्काचा गुडघा होता. दोब्रिन्का म्हणजे तिच्या खालच्या मजल्यावरची शेजारीण, वयानं मोठी, नेवेनाच्याच सांगण्यावरून मशीन सोडून हातानं करायच्या ऑपरेशनला तयार झालेली. नेवेनाला तारीख आठवड्याभरापूर्वीच माहीत होती. पुढे ढकला, एवढं म्हणायचं होतं. म्हणाली नाही. का म्हणून विचारलं असतं तर काय सांगणार होती? ती लग्नात जेवली, नाचलीसुद्धा. दोब्रिन्काचा पाय बाहेरच्या बाजूला वाकडा बसला. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनाच काही मानवत नाही, सवय होईल. नेवेनाही तेच म्हणाली.

आणि मग तिचा स्वतःचा गुडघा टेबलावर यायची वेळ आली.

डॉक्टरांनी तिला खोलीत बोलावलं, तिचा एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि मंगळवार ठरवूनही टाकला. तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. घरच्या माणसानं बाहेर कशाला जायचं? खुशीत होते, तिच्यासाठी कॉफीही मागवली होती. नेवेना कॉफी ढवळत बसली. तिच्या डोळ्यांसमोर टेबल होतं, टेबलावर ती स्वतः होती, पलीकडे डॉक्टर करवत घेऊन उभे होते आणि त्यांच्या मनगटावर कुणाचाच हात नव्हता.

“माझ्या जागी कोण उभं राहील, डॉक्टर?” तिनं विचारलं.

“बिल्याना. का गं? चांगली आहे पोरगी.”

बिल्याना चांगलीच होती. पण चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेली पोरगी डॉक्टरांच्या मनगटाला हात लावायची हिंमत करणार होती थोडीच.

“मला मशीनवर करायचंय,” नेवेना म्हणाली. “वासेव डॉक्टरांकडून.”

डॉक्टर आधी हसले. मग तिच्याकडे बघून हसायचे थांबले. उजवा हात टेबलावर होता, तो त्यांनी हळूच उचलून कोटाच्या खिशात घातला. तेव्हा नेवेनाच्या लक्षात आलं की यांनाही माहीत होतं, किती ते देव जाणे.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“दोन वर्षं होतील ईस्टरला.”

“आणि तो तुझा पंजा माझ्या मनगटावर? मला वाटलं, साचा धरतेस.”

नेवेनानं चमचा बशीत ठेवला. डॉक्टरांनी एक्स-रे खाली घेतला, पाकिटात घातला आणि पाकीट तिच्याकडे सरकवलं.

“लोकांचे गुडघे होते तेव्हा दोन वर्षं तुझी दातखीळ बसली होती, नेवेना. स्वतःचा आला तेव्हा बरं तोंड फुटलं.”

ती उठली. खोटं असतं तर भांडली असती. पाकीट काखेत मारून लंगडत बाहेर आली आणि तशीच वासेवच्या खोलीत गेली.

डॉक्टरांनी त्यानंतर एकही ऑपरेशन केलं नाही. पाठ धरली म्हणून सांगितलं आणि महिन्याभरात निवृत्ती घेतली. इस्पितळानं केक कापला, भाषणं झाली, मशीनलाही लाजवेल असा हात, असं कुणीतरी म्हणालं. नेवेना तेव्हा वॉर्डात पडून होती. डॉक्टर त्या वॉर्डावरून गेले ते आत न वळता.

गुडघा मात्र झकास बसला. पाय सरळ, सूज लवकर उतरली, सहाव्या आठवड्यात ती काठीशिवाय स्वयंपाकघरात उभी. दोब्रिन्का भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी घेऊन एक मजला चढून आली, प्रत्येक पायरीवर थांबत. खुर्चीत बसली, नेवेनाला चार पावलं चालायला लावलं आणि कौतुकानं बघत राहिली.

“तुझं नशीब चांगलं गं,” ती म्हणाली. “मला मात्र एकच समाधान, माझ्या वेळी आत तू होतीस. तेवढ्यावरच मी डोळे मिटले.”

नेवेना ओट्याला टेकून उभी होती. हो म्हणणं सोपं होतं.

“नव्हते मी, दोब्रिन्काताई. त्या दिवशी लग्नाला गेले होते.”

दोब्रिन्कानं मांडीवरची बरणी टेबलावर सरकवली. मग दुसऱ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, आता हाही दुखतोय, याला कुणाकडे नेऊ? नेवेनानं सांगितलं, वासेवकडे, मशीनवर.

“मशीन माझ्या वेळीही होतंच ना?”

“होतं.”

“मी विचारलं होतं तुला. इथेच, या खुर्चीत बसून. मग मला म्हाताऱ्याकडे का पाठवलंस?”

नेवेनाच्या तोंडात पुष्कळ उत्तरं येऊन गेली. खरं एकच होतं.

“नाही पाठवलं असतं तर डॉक्टरांना वाईट वाटलं असतं.”

दोब्रिन्का आपल्या वाकड्या पायाकडे बघत बसली. नंतर तिनं नेवेनाच्या पायाकडे बघितलं.

“आणि तू मशीनवर केलंस तेव्हा? तेव्हा नाही वाटलं त्यांना वाईट?”

“वाटलं,” नेवेना म्हणाली.